लहान खाऱ्या टाकीला घरकोंबडे मासेच बरे

दुकानात मिळणारी साधी दोन फुटी टाकी 24 × 12 × 15 इंचांची असते. कागदावर ती 70 लिटरची भरते. त्यातून तळाची पाच सेंटिमीटर वाळू, सात-आठ किलो दगड आणि काठाखाली सोडलेली दोन बोटं जागा वजा केली की पाणी उरतं साधारण 55 लिटर. म्हणजे न्हाणीघरातल्या तीन बादल्या, त्याही काठोकाठ नाहीत. समुद्रातला मासा आपण तीन बादल्यांत ठेवणार आहोत, हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मी निवड तिथेच झाली.

गोड्या पाण्यातला "इतके इंच मासा, इतके लिटर पाणी" हा हिशेब इथे कामाचा नाही. गप्पी, टेट्रा ही मंडळी घोळक्यानं राहतात, जागेवर हक्क सांगत नाहीत. प्रवाळावरचे मासे मात्र वतनदार असतात. एक बीळ, एक कपार, हातभर दगड हे त्यांचं वतन, आणि त्यात दुसऱ्यानं पाऊल टाकलं की भांडण. म्हणून विचारायचा प्रश्न "किती मोठा होतो?" एवढाच नाही. "समुद्रात हा दिवसभर किती फिरतो?" हेही विचारायचं. काही मासे सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्खा प्रवाळ पालथा घालतात. काही जन्मभर एका बिळापासून दोन हातांच्या पलीकडे जात नाहीत. लहान टाकीत हा दुसरा प्रकार सुखानं नांदतो. पहिला प्रकार आकारानं लहान असला तरी काचेला नाक घासत येरझारा घालतो, खाणं सोडतो नाहीतर दुसऱ्यांच्या जिवावर उठतो. आपल्याला हवेत ते घरकोंबडे.

क्लाउन: पहिली पसंती, पण नेमका कोणता

सगळे ज्याला नेमो म्हणून मागतात तो ओसेलारिस क्लाउन, ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस. आपल्याकडे तो अंदमान-निकोबारच्या समुद्रात सापडतो. टाकीत मादी आठ सेंटिमीटरच्या आसपास जाते, नर त्याहून लहान राहतो. हा पोहण्यात ढ मासा आहे. अंग डोलवत जागच्या जागी वल्हवत राहतो. समुद्रात त्याचं सगळं आयुष्य एका ॲनिमोनच्या म्हणजे समुद्रफुलाच्या आसऱ्यानं जातं, त्यामुळे दोन फुटी टाकी त्याला तुरुंग वाटत नाही.

घेताना टाकीत पैदास केलेलाच घ्यावा. भारतात क्लाउनची पैदास होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलं, आणि नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकारानं क्लाउनचं हॅचरी केंद्र उभं राहिलं. हॅचरीतलं पिल्लू घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून कोरडं खाणं खातं, माणूस काचेजवळ आला की पळण्याऐवजी पुढे येतं, आणि मुख्य म्हणजे समुद्रातून पकडलेल्या क्लाउनसोबत येणारी परजीवींची वरात त्याच्यामागे सहसा नसते. दुकानदाराला सरळ विचारावं: हॅचरीचा की समुद्रातला? उत्तर गुळमुळीत आलं तर समुद्रातला समजावं. पांढऱ्या पट्ट्या वेड्यावाकड्या किंवा अर्धवट असतील तर तो बहुधा हॅचरीचाच असतो. अर्थात पट्ट्या सरळ असणारेही हॅचरीत भरपूर निघतात, म्हणून हा पुरावा एकाच बाजूनं धरावा.

दोन घ्यायचे असतील तर लहान वयाचे, आणि आकारात उघड फरक असलेले घ्या. एक अडीच सेंटिमीटरचा, दुसरा चारचा. कारण असं की सगळे क्लाउन नर म्हणूनच मोठे होतात. जोडीतला दांडगा मादी बनतो, दुसरा नर राहतो. एकदा मादी झालेला पुन्हा नर होत नाही. त्यामुळे दोन मोठ्या, पूर्ण वाढलेल्या माद्या एका टाकीत टाकल्या तर त्यातली एक मरेपर्यंत मारामारी चालते. दुकानातला सगळ्यात मोठा, रुबाबदार क्लाउन उचलून घरच्या मोठ्या क्लाउनला "जोडीदार" आणणं ही नेहमीची चूक आहे.

लहान-मोठी जोडी सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत एक दृश्य दिसेल. मोठा अंगावर धावून येतो, लहान एका कुशीवर कलंडून डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथर कापतो. पाहणाऱ्याला वाटतं, झटका आला. तसं काही नसतं. तो शरण आल्याचं सांगतोय. थरथर दिसली म्हणजे जोडी जमली समजा. काळजीची खूण वेगळी: लहान क्लाउन वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो, त्याचे पर फाटलेले असतात आणि खायला खाली येत नाही. तेव्हा मोठ्याला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून आठवडाभर टाकीतच टांगा. बाहेर काढायचं ते दादागिरी करणाऱ्याला, मार खाणाऱ्याला नाही. तेवढ्या दिवसांत लहान्याला टाकीची सवय होते. तिसरा क्लाउन आणू नये. तिसऱ्याला या संसारात जागा नसते.

ॲनिमोन मात्र नको, निदान पहिलं वर्षभर. समुद्रात त्याच्याशिवाय क्लाउन एक दिवस जगणार नाही, कारण त्याला खाणारे टपलेले असतात. टाकीत खाणारं कोणी नाही. उलट ॲनिमोनला प्रखर दिवा लागतो, जुनं मुरलेलं पाणी लागतं, आणि जागा आवडली नाही की तो चालू लागतो. चालता चालता वेव्हमेकरच्या, म्हणजे पाण्यात झोत फिरवणाऱ्या पंपाच्या, पंख्यात सापडला तर त्याचा चोथा रातोरात 55 लिटर पाणी नासवतो. क्लाउन बिचारा एखादा कोपरा नाहीतर हीटरचा कप आपलं घर मानून खूश असतो.

नावात क्लाउन असला म्हणून सगळे सारखे नाहीत. मरून क्लाउन पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि टाकी साफ करायला हात आत घातला तर हाताला चावतो. टोमॅटो आणि सेबाई हेही लहान टाकीत एकटेच राज्य करणारे. सेबाई आपल्या किनाऱ्याचाच, त्यामुळे स्वस्त पडतो आणि गळ्यात मारला जातो.

गोबी आणि तिची आंधळी मैत्रीण

खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गोबी हे तिचंच गणगोत. लहान टाकीसाठी या घराण्यातलं उत्तम स्थळ म्हणजे पिवळी वॉचमन गोबी, क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते, पण जागा किती व्यापते म्हणाल तर एका बिळाच्या तोंडाएवढी. तिच्यासोबत पिस्तूल कोळंबी ठेवली तर टाकीतला सगळ्यात पाहण्यासारखा संसार तयार होतो. कोळंबीला दिसतं फारच कमी. ती दिवसभर बिळातून वाळू उपसून बाहेर टाकते, आणि बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवते, मिशीला ते कळतं, कोळंबी मागच्या मागे आत. राखण एकीची, खोदकाम दुसरीचं. रात्री टाकीतून बोटं मोडल्यासारखा कट्ट आवाज आला तर काच तडकली म्हणून घाबरू नका, ती कोळंबीची नांगी आहे.

हे जमवायचं तर तयारी टाकी लावतानाच करावी लागते. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी दगड तळाच्या काचेवर पक्के बसवायचे, मग भोवती वाळू ओतायची. उलट क्रमानं केलं तर कोळंबी दगडाखालची वाळू उपसते, दगड कलतो, आणि खाली गोबी चेंगरते किंवा काचेला तडा जातो. वाळू निव्वळ बारीक नको. बारीक वाळूचं छप्पर ढासळतं. तीन भाग बारीक ॲरागोनाइट वाळू आणि एक भाग दोन ते पाच मिलिमीटरचा शिंपल्यांचा चुरा असा मेळ घातला की बिळाचं छत टिकतं. आपल्या दोन फुटी टाकीत पाच सेंटिमीटर थरासाठी साधारण तेरा किलो लागेल. नदीची किंवा बांधकामाची वाळू चालत नाही. तिच्यातून सिलिका आणि लोह-मातीचा गाळ येतो, शिवाय पाण्याचा सामू सांभाळायला तिचा काडीचा उपयोग नाही.

नवी गोबी आठवडा-पंधरा दिवस दिसतच नाही. मेली समजून दगड उपसत बसू नका. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर तिच्या बिळाच्या तोंडाशी ड्रॉपरनं दोन-चार मायसिस कोळंब्या सोडाव्या. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती ड्रॉपर ओळखायला लागते.

बाकीचे, थोडक्यात

फायरफिश, म्हणजे नेमाटेलिओट्रिस मॅग्निफिका, सात-आठ सेंटिमीटरचा, पुढून पांढरट आणि मागून पेटल्यासारखा लाल. स्वभावानं अति भित्रा. त्याला दगडात एक अरुंद भोक हवं, घाबरला की सुईसारखा त्यात शिरतो. भोक सापडलं नाही तर टाकीबाहेर उडी मारतो. जाळी नसलेल्या टाकीतला फायरफिश सकाळी फरशीवर वाळलेला सापडणार, हे जवळजवळ ठरलेलं. म्हणून जाळी आधी, मासा नंतर. ॲल्युमिनियमच्या खिडकीची चौकट आणि मच्छरदाणीची नायलॉन जाळी पुरेशी होते. धातूची जाळी नको, खाऱ्या बाष्पानं गंजून पाण्यात ठिबकते. वायर आणि पाईपसाठी कापलेल्या कोपऱ्यातली फट बोटभरही ठेवू नका, मासा नेमका तीच शोधतो.

रॉयल ग्रामा हा आणखी एक गुणी मासा: कॅरिबियन समुद्रातला, आठ सेंटिमीटरचा, कपारीत उलटा लटकणारा. लांबून येतो म्हणून महाग. आणि महाग आहे म्हणूनच त्याच्या नावावर बायकलर डॉटीबॅक खपवला जातो, जो दिसतो अगदी तसाच, पण लहान टाकीत गुंड निघतो. फरक काचेला डोळा लावून पाहिला की कळतो. ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात ठिपक्या-ठिपक्यांनी विरघळत जातो, पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाला एक काळा ठिपका असतो आणि डोळ्यातून तिरपी गडद रेघ जाते. डॉटीबॅकचे दोन रंग पट्टीनं आखल्यासारखे सरळ तुटलेले असतात, ठिपका नाही, रेघ नाही. पैसे देण्याआधी एवढं पाहा.

टेलस्पॉट ब्लेनी सहा सेंटिमीटरची, दगडावर कोपरं टेकून बसल्यासारखी बसते आणि दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवते. करमणूक म्हणून हिला तोड नाही. पण ही शेवाळ खरवडून जगणारी आहे, त्यामुळे टाकी तीन महिन्यांची तरी जुनी हवी. नव्या पांढऱ्याशुभ्र दगडांवर ती उपाशी मरेल. तिची मोठी बहीण लॉनमोअर ब्लेनी "शेवाळ खाते" म्हणून विकली जाते. ती तेरा-चौदा सेंटिमीटरची होते, दोन फुटी टाकीतलं शेवाळ दोन आठवड्यांत संपवते आणि मग पोट खपाटीला जाऊन झिजते. ती नको.

टाकी याहूनही लहान, म्हणजे 30-40 लिटरची असेल तर निऑन गोबी. पाच सेंटिमीटर, काळ्या अंगावर निळी रेघ, हॅचरीत सहज होणारी. दोनसुद्धा चालतील. कार्डिनल घ्यायचा तर पजामा कार्डिनल एखादा. बंगाई कार्डिनल देखणा आहे, पण तो मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांभोवतीचाच आणि या छंदापायीच तिथे धोक्यात आलाय. हॅचरीतला असल्याची खात्री नसेल तर घेऊ नये.

दुकानात हात पुढे होईल, पण थांबा

डॅमसेल पहिल्या नंबरवर. निळाभोर ब्लू डेव्हिल, काळा डॉमिनो, तीन पट्ट्यांचा हंबग. स्वस्त, चिवट, मरता मरत नाहीत. "टाकी सेट करायला आधी हे चार टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. चिवट आहेत हे खरं, आणि तीच अडचण आहे. महिन्याभरात ते सगळी टाकी आपसांत वाटून घेतात, आणि नंतर येणारा क्लाउन किंवा फायरफिश त्यांच्या दृष्टीनं घुसखोर असतो. मग त्यांना पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात. डॉमिनो तर तेरा-चौदा सेंटिमीटरचा होतो. हौस असेलच तर पिवळ्या शेपटीचा एकच डॅमसेल, तोही सगळ्यांत शेवटी. हिरव्या क्रोमिसचा थवा दुकानात सुंदर दिसतो. घरी पाचाचे चार होतात, चाराचे तीन, आणि वर्षाअखेर एकटा दांडगा उरतो.

मालवणकडे ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यात पट्ट्यांचे चिमुकले मासे सापडतात, ते सार्जंट मेजर, डॅमसेलच. पिल्लू गोजिरवाणं, पण मोठं होऊन वीतभर दांडगोबा. ते तिथेच राहू द्यावेत.

ब्लू टँग तीस सेंटिमीटरचा होतो आणि मैलोगणती पोहतो. "लहान आहे तोवर ठेवू" हा बेत फसतो, कारण जागा कमी पडल्याचा ताण त्याला लहानपणापासूनच बसतो आणि पांढरे डाग सगळ्यांत आधी त्यालाच येतात. मँडरिन आकारानं लहान आणि अंगानं पैठणीच्या काठासारखा, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपतो. 55 लिटरमध्ये ते काही आठवड्यांत संपतात, पेलेट, म्हणजे दाणेदार कोरडं खाणं, तो सहसा तोंडात घेत नाही. क्लीनर रॅस इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, तुमच्या तीन माशांवर त्याचं काय भागणार? सिक्सलाइन रॅस लहान आहे, स्वस्त आहे, आणि सहा महिन्यांनी टाकीचा ठाणेदार होतो.

समुद्रघोडा आणि पाइपफिश कोणी "आतून" काढून दाखवले तर दुकानातून बाहेर पडा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ते संरक्षित आहेत, पोवळ्यांचे दगडही तसेच. म्हणून दगड घेताना समुद्रातून आणलेलं पोवळं न घेता कारखान्यात बनवलेले सच्छिद्र कोरडे दगड घ्यावेत. जिवाणू त्यांच्यातही तितकेच बसतात, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

मासा येण्याआधीचे सहा आठवडे

पाणी आरओ किंवा त्याहून बरं म्हणजे आरओ-डीआयचं, ज्यातून आरओनंतर उरलेले क्षारही काढलेले असतात. घरगुती आरओ चालेल, पण त्यातला टीडीएस वाढवणारा खटका पूर्ण बंद केलेला हवा आणि मीटरवर आकडा दहाच्या खाली हवा. मीठ मत्स्यालयाचं, लिटरला साधारण 36 ग्रॅम. जेवणाचं मीठ नाही, खडेमीठही नाही. घनता 1.025 ते 1.026. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर शून्याला डिस्टिल्ड पाण्यावर जुळवून भागत नाही, 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) प्रमाण द्रावणावर तपासा. चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या गोड्या पाण्यानं किनाऱ्याचा खारेपणा पार उतरतो.

टाकी मुरवायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, मासा वापरू नका, नवसागर वापरा. म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याकडचा नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. 55 लिटरला 350 मिलिग्रॅम टाकलं की अमोनिया 2 पीपीएम होतो. जिवाणूंची बाटली सोबत टाकली तर वेळ वाचतो, नाही टाकली तरी चार ते सहा आठवड्यांत काम होतं. अमोनिया आधी उतरतो, मग नायट्राइट चढतो, तोही उतरतो. पुन्हा 350 मिलिग्रॅम टाकून 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय यावरून काहीच ठरत नाही. अमोनिया दिसत नसतो.

आणि उन्हाळा. पाणी 25-26 अंशांवर असावं, 28 च्या वर सरकू देऊ नये. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढते. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत पृष्ठभागावर झोत मारणारा लहान पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मुंबई-कोकणात हवाच दमट, बाष्पीभवन मंद, पंख्याचा उपयोग निम्मा. विदर्भात चिलरशिवाय हा छंद एप्रिल-मे पार करत नाही. पंखा लावला की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. अडीच लिटर उडाले आणि भरले नाहीत तर 35 चा खारेपणा साडेछत्तीसच्या पुढे जातो. भर घालायची ती रोज, आणि बिनमिठाच्या आरओ पाण्याची. खारं पाणी फक्त दर आठवड्याच्या बदलाला: साडेपाच लिटर, त्यात 200 ग्रॅम मीठ, आदल्या रात्री कालवून पंप लावून ठेवलेलं. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एअरपंप जवळ ठेवा. लहान टाकीत दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंड मारू लागतात.

पिशवी

क्रॉफर्ड मार्केटला जा नाहीतर कुर्ल्याला, दुकानात मासा आल्याच्या दिवशी घेऊ नका. आठ दिवस तिथे काढू द्या, पैसे आगाऊ देऊन ठेवा. मग "जरा खायला टाकून दाखवा" म्हणा. खाल्लं तर पुढचं पाहायचं: कल्ले किती जोरात चालतात, हे त्याच टाकीतल्या दुसऱ्या माशांशी ताडून. पाठ धारदार किंवा पोट आत गेलेलं नको. डोळा धुरकट नको. पंपाच्या झोतात तोंड करून एकाच जागी खिळलेला मासा नको, तो प्राणवायूसाठी धडपडतोय, आणि त्यामागे बहुधा व्हेल्व्हेट हा परजीवीचा रोग असतो. त्या टाकीतला एकही मासा आजारी दिसला तर बाकीचेही घेऊ नका, पाणी एकच आहे.

दुकानदाराला पाण्याची घनता विचारा. खर्च वाचवायला आणि परजीवी दाबायला बरेच जण 1.018 ते 1.020 वर ठेवतात. तुमची 1.025 असेल तर तो फरक एका तासात भरून काढायचा नसतो. नवा मासा आधी वेगळा ठेवायची जी टाकी (तिच्याबद्दल पुढे), ती दुकानाच्या घनतेवर तयार करा आणि रोज 0.001 नं चढवा.

चेन्नई-कोलकात्याहून कुरिअरनं आलेल्या माशाची गोष्ट आणखी वेगळी. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू सातच्या आसपास उतरतो. त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतेक अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया दहापटीहून अधिक विषारी होतो. अशा वेळी पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच्याच विषात उकळणं. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगवा, तापमान सारखं करा, उघडून घनता मोजा, वेगळ्या टाकीची घनता त्याला जुळवून घ्या, आणि मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी मोरीत.

ही वेगळी टाकी, क्वारंटाइन, टाळणारे पुष्कळ आहेत. तीस-चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब पुरतो. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो, पन्नास वॉटचा हीटर, आणि स्पंज फिल्टर, ज्याचा स्पंज आधी चार आठवडे मोठ्या टाकीत मुरवलेला. अमोनिया रोज तपासायचा, दिसला की तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. मुक्काम चार आठवडे.

चारच का, तर पांढऱ्या डागांच्या रोगामुळे. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी अंगावर मिठाच्या कणांसारखा दिसतो. काही दिवसांनी डाग आपोआप गळतात आणि लोक म्हणतात, बरा झाला. बरा काही होत नाही. परजीवी तळाशी जाऊन कोष करतो, तिथे प्रत्येकाची शेकडो पिल्लं होतात, आणि दुसरी लाट पहिल्याहून जोरात येते. चार आठवडे नजरेखाली ठेवलं की ही दुसरी लाट टबात येते, तुमच्या टाकीत येत नाही. इलाज तांब्याचा, किट लावून मोजून, आणि फक्त टबातच. मोठ्या टाकीत तांबं गेलं की कोळंबी-गोगलगाई मरतात आणि दगड ते शोषून धरतात. टाकीत रोग शिरलाच तर सगळे मासे टबात काढून टाकी 76 दिवस माशांवाचून चालू ठेवावी लागते. चार आठवडे स्वस्त पडतात.

क्लाउनच्या डोक्यापासून पांढरट बुळबुळीत पापुद्रा सुटू लागला तर तो ब्रूकलिनेला. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनचा हा ठरलेला रोग. तांब्याला दाद देत नाही, फॉर्मेलिन लागतं, आणि एक-दोन दिवसांत निर्णय घ्यावा लागतो.

क्रम

55 लिटरला तीन मासे. चौथ्याला जागा आहे असं वाटतं, पण ती जागा चुकीसाठी राखून ठेवा. माझी निवड: एक वॉचमन गोबी कोळंबीसह, आणि क्लाउनची जोडी. गोबी खाली, क्लाउन मध्ये, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. कोळंबी नको असेल तर गोबीऐवजी फायरफिश. एकाच ठेवणीचे, एकाच थरात राहणारे दोन मासे, जसे ग्रामा आणि डॉटीबॅक किंवा दोन ब्लेनी, कधीच एकत्र नकोत.

भित्रा आधी, दांडगा नंतर. आधी गोबी सोडा. ती बीळ करून स्थिरावली, ड्रॉपर ओळखू लागली, की मग क्लाउन. मधे क्वारंटाइनचे चार आठवडे जातातच, आणि तेवढ्या काळात जिवाणूही वाढलेल्या घाणीला पुरे पडू लागतात. तिन्ही एकाच दिवशी सोडले तर अमोनिया दिसतोच.

खाणं दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल इतकं. एक मिलिमीटरचे पेलेट रोजचे, आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेली मायसिस. मायसिस मिळाली नाही तर ताजा जवळा चालतो: आरओ पाण्यात तीनदा धुवायचा, बारीक चिरायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत पापडासारखा पातळ पसरून गोठवायचा आणि नखाएवढा तुकडा मोडून घालायचा. सुका जवळा नको, त्यात मीठ आणि रेती दोन्ही असतात. मासा सोडल्याच्या दिवशी मात्र काहीच घालू नका. दिवे बंद करा, जाळी नीट बसली का पाहा, आणि सकाळपर्यंत काचेपासून लांब राहा.